काशा वेचताना

‘‘सर, दिवाळीच्या सुट्टीत ते जुनं काढून टाका आणि आमचं कोहा त्या मशीनवर बसवून द्या,’’ असं ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या आणि मी लगेच हो म्हणालो. २०२३ ची गोष्ट. ‘ते जुनं’ म्हणजे आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात जुलै २०१८ पासून चालू असलेलं गिटलॅब. मुलांच्या प्रकल्पांचा कोड एका ठिकाणी राहावा म्हणून मीच ते बसवलं होतं, तेव्हाच्या ताज्या उबंटू १८.०४ वर. बसवायला एक दुपार लागली होती. पॅकेज उतरवलं, सर्व्हरचा पत्ता एका फाइलीत लिहिला, एक कमांड दिली आणि चहा पिऊन येईपर्यंत पान उघडलं होतं. काढायलाही तेवढंच लागेल असं मी गृहीत धरलं. नऊ दिवस लागले.

माझं घर सांगली जिल्ह्यातलं, शेतकऱ्याचं. हरळी माजलेलं रान काय असतं ते लहानपणापासून पाहिलंय. हरळी वरून उपटली की रान स्वच्छ दिसतं, पण मातीखाली तिच्या काशा राहतात, पांढऱ्या, पेरापेराच्या. एक पेर राहिलं तरी पावसाला ती पुन्हा वर येते. म्हणून नांगरट झाली की आई आणि चुलत्या पाट्या घेऊन काशा वेचत फिरायच्या. वेचलेल्या काशा बांधावर टाकायच्या नाहीत, वाळवून जाळायच्या, असा आजोबांचा दंडक होता. त्या नऊ दिवसांत मला आजोबांची फार आठवण आली.

मॅडमची गरज खरी होती. कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये ते लिहिलं गेलं आणि जानेवारी २००० पासून वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मराठी पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत ठेवता आणि शोधता येतात, म्हणून त्यांना तेच हवं होतं. कोहाचं वाचकांसाठीचं पान ८० क्रमांकाच्या पोर्टवर उघडतं आणि कर्मचाऱ्यांचं, नेहमीच्या मांडणीत, ८०८० वर. इकडे गिटलॅबनं सोबत आणलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ८० वर बसलेला आणि त्याचा पुमा हा ॲप्लिकेशन सर्व्हर ८०८० वर. शिवाय ८ जीबी मेमरीतली ५ जीबीहून जास्त गिटलॅबच खात होतं. मुलं तोवर बाहेरच्या सेवांकडे गेली होती. २०२१ च्या मे महिन्यातली १३.१२ ही आवृत्ती चढवल्यानंतर आम्हाला पुढं नेता आलं नव्हतं आणि उबंटू १८.०४ चा नेहमीचा आधारही मे २०२३ मध्ये संपला होता. जुनं, न दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर कॉलेजच्या नेटवर्कवर उघडं ठेवणं मला पटत नव्हतं.

‘मग डिस्क पुसून नव्यानं उबंटू का टाकत नाही?’ असं विभागप्रमुख सरांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. पण त्याच मशीनवरून दोन प्रयोगशाळांना आयपी पत्ते वाटले जात होते, विभागाचा प्रिंटर तिथूनच चालत होता आणि मुलांना लागणाऱ्या पॅकेजांचा स्थानिक साठाही तिथंच होता. ते सगळं तसंच ठेवून, मधलं एकच झाड मुळासकट काढायचं होतं. त्यानंतर १८.०४ वरून २०.०४ आणि तिथून २२.०४ अशा दोन पायऱ्या चढून मग कोहा. आणि दुसरं कारण असं की, मला हे काम एकदा नीट शिकायचं होतं. पंधरा वर्षं मी सर्व्हर बसवतो आहे. बसवण्याचं शिक्षण सगळे देतात. काढण्याचं मला कुणी दिलं नव्हतं.

सुरुवात मशीनपासून करायची नव्हती, माणसांपासून करायची होती, हे मला उशिरा सुचलं. सुट्टी लागायच्या तीन आठवडे आधी विभागातल्या सगळ्या गटांवर आणि माजी विद्यार्थ्यांच्या गटांवर सूचना टाकली : अमुक तारखेला गिटलॅब बंद होणार, आपापला कोड घेऊन जा. आठ-दहा जणांनी घेतला. मग एका संध्याकाळी २०२० च्या तुकडीतल्या एका मुलीचा पुण्याहून फोन आला. तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची एकमेव प्रत आमच्याकडे होती. लॅपटॉप चोरीला गेला होता. ‘‘सर, मला वाटलं तुमच्याकडे आहे म्हणजे आहेच,’’ ती म्हणाली. हे वाक्य ऐकल्यावर मी कामाची पद्धतच बदलली. ज्यांनी घेतला त्यांनी घेतला, उरलेला पुसायचा, असं करता येणार नव्हतं. ४१२ प्रकल्प होते. त्यातला प्रत्येक कुणीतरी आमच्या भरवशावर ठेवलेला होता.

गिटलॅबची बॅकअप घेण्याची स्वतःची कमांड आहे आणि ती चांगली आहे. पण तिच्याविषयी तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. पहिली, तो बॅकअप पुन्हा भरायला तंतोतंत तीच आवृत्ती लागते, १३.१२ चा बॅकअप दुसऱ्या आवृत्तीवर चढत नाही. म्हणजे त्या आवृत्तीची पॅकेज फाइलही बॅकअपशेजारी जपून ठेवायची. दुसरी, त्या बॅकअपमध्ये सेटिंगची मुख्य फाइल आणि गुपितांची फाइल येत नाही. त्या ‘ईटीसी’तल्या गिटलॅबच्या फोल्डरात असतात आणि हातानं वेगळ्या घ्याव्या लागतात. गुपितांची फाइल नसेल तर डेटाबेसमधली कूटबद्ध माहिती उघडत नाही, दोन टप्प्यांचं लॉगिन वापरणाऱ्यांना आत जाता येत नाही. मी एका व्हर्च्युअल मशीनवर बॅकअप भरून पाहिला तेव्हा हेच झालं : प्रकल्प दिसत होते, पण काही प्रकल्पांच्या सेटिंगचं पान उघडताच चूक दाखवत होतं. पाच वर्षं रोज रात्री दोन वाजता होणारा आमचा बॅकअप अपुरा होता, हे मला काढण्याच्या वेळी कळलं. मूळ यंत्र अजून चालू होतं म्हणून कळून उपयोग झाला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गिटलॅबचा बॅकअप वाचायला गिटलॅब लागतं. पण प्रकल्पांचा इतिहास वाचायला, गिटलॅब ज्यावर उभं आहे ते गिट पुरतं. गिट २००५ पासून आहे आणि पुढची अनेक वर्षं राहील. म्हणून मी प्रत्येक प्रकल्पाचा वेगळा ‘बंडल’ केला. बंडल म्हणजे एका प्रकल्पाचा सगळा इतिहास एका फाइलीत; ती फाइल दिली की कुणालाही तिच्यातून नेहमीसारखा क्लोन घेता येतो. नव्या मांडणीत गिटलॅब प्रकल्पांचे फोल्डर प्रकल्पाच्या नावानं ठेवत नाही, आकडे-अक्षरांच्या लांबलचक साखळीनं ठेवतं. ते फोल्डर नुसते उचलून ठेवले असते तर दोन वर्षांनी कुणाचं काय हे आम्हालाच ओळखता आलं नसतं. बंडलना मी वर्ष, तुकडी आणि प्रकल्पाचं नाव दिलं. पुण्याच्या मुलीला तिचा बंडल त्याच रात्री गेला.

आता काढायला बसलो. माझ्याबरोबर विभागात नव्यानं रुजू झालेला सहकारी होता, हुशार आणि उत्साही. मी बंडल मोजत होतो तेवढ्यात त्यानं दुसऱ्या टर्मिनलवर प्रोसेसची यादी काढली आणि एनजिनएक्सची प्रोसेस मारली. ती पुन्हा उभी राहिली. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा उभी. ‘‘सर, हे मरतच नाही,’’ तो म्हणाला.

मी त्याला थांबवलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसवलं. गिटलॅबचं हे पॅकेज एकटं येत नाही. त्याच्याबरोबर त्याचा पोस्टग्रेस, त्याचा रेडिस, त्याचा एनजिनएक्स, त्याचा प्रोमिथियस असा सगळा गोतावळा येतो, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवायला रनिट नावाचा कारभारी असतो. रनिटमध्ये प्रत्येक सेवेमागं एक छोटा राखणदार असतो. सेवा पडली की तो तिला उभी करतो, तेच त्याचं काम. त्या राखणदारांवर वरचा राखणदार असतो. तो दर पाच सेकंदांनी सेवांच्या फोल्डरावर नजर टाकतो आणि एखादा राखणदार नाहीसा झाला असेल तर नवा नेमतो. आणि त्या वरच्यालाही मशीनचा सिस्टमडी सांभाळतो. खालून एकेक प्रोसेस मारत गेलं तर रात्र संपेल, गिटलॅब संपणार नाही. थांबवायचं ते कारभाऱ्यालाच सांगून. ‘गिटलॅब-सीटीएल’ ही कमांड त्यासाठीच असते. हे समजावून सांगताना माझ्या लक्षात आलं की पाच वर्षं हे यंत्र चालवताना मी हे कधी कुणाला समजावलं नव्हतं. स्वतःशीही नीट मांडलं नव्हतं.

त्याच दुपारी दुसरा प्रसंग घडला. त्याबद्दल मी आजही जरा दबकतच बोलतो. सहकाऱ्याला कुठून तरी एक ओळ मिळाली होती. ती अशी : मुळापासून सगळी डिस्क शोध, ज्या ज्या फाइलीच्या नावात ‘गिटलॅब’ असेल ती थेट पुसून टाक. लहान, सुटसुटीत ओळ, रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकारानं द्यायची. ‘‘सर, एका झटक्यात होईल.’’ मी म्हणालो, पुसण्याचा भाग काढ आणि नुसता शोध चालव. काय काय पुसलं जाणार होतं ते आधी डोळ्यांनी पाहू.

यादी आली. हजारो ओळी. वरवर पाहता सगळं गिटलॅबचंच. मग खाली सरकताना एका ओळीवर माझी नजर थांबली. बाहेरची बॅकअपची डिस्क मशीनला जोडलेली होती आणि त्या यादीत आमच्या बॅकअपच्या फाइली होत्या. कारण गिटलॅब बॅकअपच्या फाइलीचं नावच तसं ठेवतं : आधी वेळेचा आकडा, मग तारीख, मग आवृत्ती आणि शेवटी ‘गिटलॅब बॅकअप’. पुढं पॅकेजांच्या साठ्यातल्या फाइली, आम्ही जपून ठेवलेली १३.१२ ची पॅकेज फाइल, आणि एका प्राध्यापकांच्या फोल्डरातल्या ‘गिटलॅब कसं वापरावं’ या विषयावरच्या त्यांनी स्वतः तयार केलेल्या नोट्स. एक एंटर दाबला असता तर चालू गिटलॅब आणि त्याचा बॅकअप दोन्ही एकाच मिनिटात गेले असते. आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही. मग मी उठून बॅकअपच्या डिस्कची केबल काढली आणि डिस्क कपाटात कुलूपबंद केली. ती मी आधीच काढायला हवी होती.

नावावरून शोधून पुसणं हा माझ्या मते या कामातला सर्वांत वाईट मार्ग आहे. नाव सारखं असणं आणि मालकी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचं नाव गिटलॅब आहे ते सगळं गिटलॅबचं नसतं. आणि, पुढं दिसेलच, जे गिटलॅबचं असतं त्या सगळ्याचं नाव गिटलॅब नसतं.

खरं तर हे पॅकेज कुठं काय ठेवतं ते अगदी सरळ आहे. कार्यक्रम ‘ऑप्ट’मध्ये, सेटिंग ‘ईटीसी’मध्ये, डेटा ‘व्हार’च्या आतल्या ‘ऑप्ट’मध्ये आणि नोंदी ‘व्हार’च्या ‘लॉग’मध्ये, चारही ठिकाणी गिटलॅब नावाचा एकेक फोल्डर. नुसतं पॅकेज काढलं तर कार्यक्रम जातो आणि डेटा राहतो. हा दोष नाही, ही काळजी आहे : चुकून काढलं तरी मुलांचं काम वाचावं. म्हणून सगळं काढायचं असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, आणि तेही पॅकेज काढण्याआधी. कारण खाती काढणारी आणि डेटा पुसणारी कमांड ही त्या पॅकेजाचाच भाग आहे. आधी पॅकेज काढलं की झाडून काढायचा झाडूही त्याच्याबरोबर गेला.

आम्ही क्रम कागदावर लिहिला आणि भिंतीला चिकटवला. आधी सगळ्या सेवा थांबवल्या. मग गिटलॅबनं तयार केलेली खाती काढली : गिट, आणि वेब, रेडिस, पोस्टग्रेस, प्रोमिथियस यांची. मग पुसण्याची कमांड दिली. ती लगेच काही करत नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरांत थांबून वाचायला सांगते आणि ६० सेकंद देते. तेवढ्यात कंट्रोल-सी दाबलं तर काहीच पुसलं जात नाही. मी पुष्कळ सॉफ्टवेअर पाहिली आहेत, पण माणसाला विचार करायला एक अख्खं मिनिट देणारी थोडी. सहकारी घड्याळाकडे बघत होता. मी मनात मोजणी केली : बंडल ४१२, व्हर्च्युअल मशीनवर भरून पाहिलेला बॅकअप, गुपितांची फाइल, पॅकेज फाइल, कुलूप. मिनिट संपलं आणि पुसणं सुरू झालं. नंतर ‘ऑप्ट’मधला फोल्डर काढला आणि पॅकेज पर्ज केलं, म्हणजे सेटिंगसकट काढलं. पोर्ट तपासले : ८० मोकळा, ८०८० मोकळा. मेमरी पाहिली : ५ जीबीहून जास्त परत आली होती.

रान स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही काशा वेचायला लागलो.

लिनक्सला माणसांची नावं माहीत नसतात. त्याला आकडे माहीत असतात. प्रत्येक फाइलीवर मालकाचा आकडा लिहिलेला असतो आणि त्या आकड्याला नाव कोणतं ते एका वेगळ्या फाइलीतून पाहिलं जातं. खातं काढलं की नाव जातं, पण फाइलींवरचा आकडा तसाच राहतो. अशा बेवारस फाइली शोधायची सोय ‘फाइंड’ कमांडमध्ये आहे : ज्यांचा मालक आता अस्तित्वात नाही त्या सगळ्या दाखव. माझ्या दृष्टीनं हा नावावरून शोधण्यापेक्षा कितीतरी शहाणा प्रश्न आहे. मी तो दिला आणि पडदा भरून वाहायला लागला. मालक ९९८. फाइली दुसऱ्या डिस्कवर, ‘साठा’ नावाच्या फोल्डरात. नावात कुठंही गिटलॅब नाही. १८६ जीबी. सगळ्या मुलांचे सगळे प्रकल्प, जसेच्या तसे.

मला क्षणभर काही उमगेना. मग आमच्या निवृत्त तंत्रसहायक काकांची वही काढली. काका २०२१ मध्ये निवृत्त झाले. त्यांना संगणकातल्या कमांड फारशा येत नसत, पण प्रयोगशाळेत काहीही हललं की ते निळ्या शाईनं तारखेसह वहीत लिहीत. ऑगस्ट २०१९ च्या पानावर नोंद होती : ‘पुरामुळे सर्व्हर तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेला. सरांनी नवीन डिस्क लावून गिटचा डेटा तिकडे घेतला.’

मग सगळं आठवलं. त्या वर्षी कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वर वर चढत होतं. वीज गेलेली, रस्ते बंद होत आलेले. आम्ही तिघांनी ते मशीन पोत्यात गुंडाळून जिन्यावरून वर नेलं होतं. पूर ओसरल्यावर पहिल्या डिस्कची जागा संपत आलेली दिसली म्हणून मी दुसरी डिस्क लावली, प्रकल्पांचा साठा तिकडे हलवला आणि सेटिंगच्या फाइलीत नवा पत्ता लिहिला. ती सेटिंगची फाइल मी परवाच जपून ठेवली होती, पण उघडून वाचली नव्हती. पुसण्याची कमांड आपल्या ठरलेल्या जागांवरचाच डेटा पुसते. मी बाहेर नेऊन ठेवलेला तिला दिसला नाही, आणि दिसू नये हेच बरोबर आहे.

हा साठा राहिला असता तर काय बिघडलं असतं, असं सहकाऱ्यानं विचारलं. दोन गोष्टी. ९९८ हा आकडा आता मोकळा होता. उद्या एखादी नवी सेवा बसवली आणि तिच्या खात्याला तोच आकडा मिळाला, तर ती सेवा एका क्षणात या सगळ्या फाइलींची मालक झाली असती, कुणीही न देता. आणि त्या साठ्यात काय होतं ते मला माहीत होतं. मुलं शिकत असतात. डेटाबेसचे पासवर्ड कोडमध्ये लिहितात, सर्वेक्षणाच्या प्रकल्पात लोकांची नावं आणि फोन नंबर असलेल्या फाइली चढवतात. नंतर काढल्या तरी गिटच्या इतिहासात त्या राहतात. त्यांनी ते आमच्या भिंतींच्या आत ठेवलं होतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंही काम संपल्यावर माहिती पुसावी असं म्हटलं आहे, पण कायदा नसता तरी ते आमचं कर्तव्यच होतं. आम्ही बंडलशी पडताळून, संख्या जुळवून, मग ती १८६ जीबी पुसली. रिकाम्या झालेल्या डिस्कवर एकदा शून्यं लिहिली. ती जुनी, फिरत्या तबकडीची डिस्क होती म्हणून त्याला अर्थ होता. एसएसडीवर एकेका फाइलीवर पुन्हा लिहून ती नक्की गेली असं धरता येत नाही.

बाकीच्या काशा लहान होत्या. कर्नलच्या सेटिंगच्या फोल्डरात गिटलॅबनं टाकलेले चार दुवे होते. ज्या फाइलींकडे ते बोट दाखवत होते त्या ‘ऑप्ट’बरोबर गेल्या होत्या. ते काढून मशीन पुन्हा सुरू केलं, कारण मेमरीत चढलेली मूल्यं तोवर तशीच राहतात. पॅकेजांच्या स्रोतांच्या यादीत गिटलॅबची ओळ आणि तिची किल्ली होती, ती काढली. रूटच्या टपालपेटीत रोज रात्री दोन वाजता एक पत्र येऊन पडत होतं : कमांड सापडली नाही. क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी चालवायच्या कमांडच्या यादीतली, बॅकअपची ओळ आपलं काम करत होती, पण तिला कुणी उत्तर देणारं उरलं नव्हतं. ती काढली.

एक काशी मात्र लहान नव्हती. पुसण्याची कमांड पुसण्याआधी सेटिंगची प्रत रूटच्या घरात तारखेच्या नावानं ठेवते. चूक झाली तर हाताशी असावी म्हणून. मी ती उघडली, या वेळी वाचण्यासाठी. विभागाच्या ईमेल खात्याचा पासवर्ड त्यात साध्या अक्षरांत लिहिलेला होता, २०१८ मध्ये मीच लिहिलेला. तेच खातं अजून निकालाची पत्रं पाठवायला वापरात होतं. नुसती प्रत पुसून भागणार नव्हतं, कारण तोच पासवर्ड मी जपून ठेवलेल्या सेटिंगच्या फाइलीत, कपाटातल्या डिस्कवरही होता. पासवर्डच बदलला. काढायचं ते फक्त फाइली नसतात. त्या फाइलींनी बाहेर जी दारं उघडलेली असतात ती बंद करायची असतात.

उबंटूच्या दोन पायऱ्या विनातक्रार चढल्या. सातव्या दिवशी कोहा बसलं. मॅडमनी पहिली नोंद ‘स्मृतिचित्रे’ची केली आणि ती शोधूनही पाहिली. मला वाटलं, संपलं.

आठव्या दिवशी कोहा ज्यावर चालतं त्या अपाची वेब सर्व्हरच्या नोंदी पाहत होतो. कोहाच्या पानांच्या ओळींमध्ये एक अनोळखी ओळ अधूनमधून येत होती. कुणीतरी ‘एपीआय व्ही४, जॉब्स, रिक्वेस्ट’ या पत्त्यावर काम मागत होतं आणि कोहा त्याला असं पान नाही म्हणून परत पाठवत होतं. हा पत्ता गिटलॅबचा. विचारणारा पत्ता आमच्याच तिसऱ्या प्रयोगशाळेतल्या १४ नंबरच्या संगणकाचा. तिथं जाऊन पाहिलं तर २०१९ मधल्या एका गटानं त्यावर गिटलॅबचा रनर बसवला होता. रनर म्हणजे सर्व्हरला सतत ‘काही काम आहे का’ विचारणारा आणि मिळालं की करणारा गडी. ती मुलं शिकून गेली, नोकरीला लागली. सर्व्हर गेला. गडी मात्र दारात उभाच होता. त्याची नोंद सर्व्हर जिवंत असतानाच रीतसर रद्द करायची असते. मी त्याला विचारातच घेतलं नव्हतं. त्याचं पॅकेज, त्याचं खातं, त्याची टोकनची फाइल असं सगळं काढलं. मग नवव्या दिवशी आम्ही दोघांनी चारही प्रयोगशाळा एकेका संगणकावर बसून तपासल्या. आणखी एक रनर सापडला. कॉलेजच्या डीएनएसमधलं गिटलॅबचं नावही तेव्हाच काढलं.

त्यानंतर आम्ही विभागात एक गोष्ट सुरू केली. काकांच्या वहीसारखीच एक जाड वही आणली आहे. नवं काही बसवलं की त्याच दिवशी त्याच वहीत दोन पानं लिहायची : काय बसवलं, डेटा कुठं जातो, कोणती खाती तयार झाली, कोणते पोर्ट घेतले, कोणते पासवर्ड कुठल्या फाइलीत गेले, दुसऱ्या कोणत्या मशीनवर त्याचा हात आहे, आणि काढायचं झालं तर कोणत्या क्रमानं. बदल केला की खाली तारीख घालून ओळ वाढवायची. पुराच्या गडबडीतसुद्धा. जो बसवतो त्याची सही असते, आणि सही करणाऱ्यावरच ते कधी तरी काढण्याचीही जबाबदारी आहे असं आम्ही मानतो. कोहाची दोन पानं सहकाऱ्यानं लिहिली आहेत, सुवाच्य अक्षरात.

काका दिवाळीनंतर सहज आले होते. मी त्यांना त्यांचं २०१९ चं पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, ‘‘त्या दिवशी माझ्याकडं दुसरं काही काम नव्हतं सर, म्हणून लिहिलं.’’

कपाटात बॅकअपची ती डिस्क अजून आहे. तिच्यावर मी कागद चिकटवला आहे : १३.१२, ४१२ बंडल, पॅकेज फाइल आणि गुपितांची फाइल सोबत, नष्ट करण्याची तारीख ३१ मे २०२७. आतापर्यंत सहा माजी विद्यार्थ्यांनी आपला कोड मागून नेला. ज्यांनी २०१८ ते २०२३ या काळात आमच्या विभागात प्रकल्प केला आणि ज्यांच्याकडे आपल्या कामाची प्रत नाही, त्यांनी त्या तारखेच्या आत विभागात येऊन किंवा फोन करून सांगावं. बंडल त्याच दिवशी मिळेल.